पाच रुपयांची कड

उमापूर,
१६ जानेवारी २०२५

चि. पंचशीला,
जय भीम.

आबांच्या तिसऱ्या स्मृतिदिनाला नांदूरघाटला आलो, जेवलो, आणि तुझ्याशी धड न बोलता निघालो. तुला लागलं असणार. तुझे दोन फोन येऊन गेले, मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर माझा आवाज चढतो. छत्तीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाला कागदच बरा. पत्र पोचेपर्यंत राग चार दिवस शिळा होतो.

आता मुद्द्याचं. मी निघताना तू तिकिटाला सुट्टे द्यायला बटवा पालथा केलास. त्यात पाच रुपयाचं एक जुनं जाड नाणं होतं. मी ते उचललं तर तू माझ्या हातातून काढून घेतलंस आणि म्हणालीस, "ते न्हाई. ते आबांनी दिलेलं हाय." एवढंच. पण तेवढ्यात माझा अंगठा त्याच्या कडेवरून फिरला होता. कड गुळगुळीत होती.

तुला कळणार नाही म्हणून सांगतो. ह्या जाड पाच रुपयाच्या कडेला मधोमध एक खोबण असते, चाकाला असते तशी, आणि खोबणीत बारीक नक्षी. टाकसाळीत कधी तरी एखादं नाणं ह्या कामातून निसटतं आणि सपाट कडेनं बाहेर पडतं. अशा चुकलेल्या नाण्याला आम्हा जमवणाऱ्यांत मान असतो. पण नुसत्या बोटावर निवाडा करता येत नाही. झिजलेलं आहे की चुकलेलं, ते बघावं लागतं.

तर एवढं कर. आपल्या गावच्या पोस्टात शिक्क्याचं पॅड मागून घे, माझं नाव सांग. नाणं उभं धरून त्याची कड पॅडवर फिरव आणि मग कोऱ्या कागदावर एक पूर्ण फेरा लोळव. दोन समांतर रेघा उमटल्या तर नाणं साधं. एकच जाड पट्टा उमटला तर पुढं बघू. तो कागद मला पाठव.

मी चाळीस वर्षं नाणी जमवतो हे आबांना ठाऊक होतं. तरी ते तुला कसं काय दिलं, हे मला कळलेलं नाही. असो.

तुझा भाऊ,
जालिंदर


नांदूरघाट,
२५ जानेवारी

ति. जालिंदर दादास,
पंचशीलाचा जय भीम.

पत्र मिळालं. पोस्टात गेलते. तुझं नाव सांगितलं तर तिथला पोरगा म्हणला, कोण जालिंदर? मग आबांचं नाव सांगितलं, "रामकिसन मिरचीवाले," तर लगेच पॅड दिलं. त्यानं लहानपणी आबांकडून सुकट नेलेलं म्हणं.

तू सांगितलं तसं लोळवलं. एकच पट्टा उमटला. कागद सोबत हाय.

आबांनी मला कावून दिलं ते विचारतोस. तीस वर्षं बाजाराला त्यांच्या शेजारी मी बसले. नवऱ्याकडून परत आले त्या आठवड्यापासून बसले. तू तवा माजलगावला पोस्टात होतास, खुर्चीवर. मग कुणाला देतील?

माय बरी हाय. ऐकू कमी येतं. तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं तर म्हणली, जालिंदर अजून नाणीच खेळतो का.

पंचशीला


उमापूर,
१ फेब्रुवारी

चि. पंचशीला,
जय भीम.

पट्टा पाहिला. भिंगाखाली पाहिला. त्यात काही अर्थ नाही. नाणं वापरून झिजलं आहे, बाजारात अशी पुष्कळ फिरतात. शिवाय पट्टा मधे मधे तुटलेला आहे आणि लांबीलाही दोन मिलिमीटर कमी भरतो, म्हणजे लोळवताना तुझा हात हलला. एकूण किंमत पाच रुपये.

तरी आबांची आठवण म्हणून ते माझ्याकडं असावं असं मला वाटतं. बदल्यात तुला वीस रुपयाचं नवं कोरं नाणं देतो. तोवर ते कुणाला दाखवू नकोस. चिंचेनं, राखेनं धुऊ नकोस. दुसऱ्या नाण्यांत टाकू नकोस, कापसात ठेव. पोस्टानं मात्र पाठवू नकोस, विमा उतरवल्याशिवाय नाणं पाठवणं नियमात बसत नाही. मीच येईन.

हे मागतोय म्हणून गैरसमज नको. आबांनी मला काय दिलं ते तुला माहीत आहे. तागडी. तीही नासकी. दारात टांगली की डावं पारडं वर आणि उजवं खाली. तुझ्या वहिनीनं एकदा शेवया तोलायला काढली आणि हसून ठेवून दिली. चार वर्षं माळ्यावर पडली आहे. त्यामानानं एक झिजकं नाणं मागणं काही फार नाही.

मायला नमस्कार.

जालिंदर


नांदूरघाट,
१३ फेब्रुवारी

ति. दादास,
जय भीम.

पाच रुपयाच्या झिजक्या नाण्याला कापसात ठेव म्हणतोस. चिंच लावू नको म्हणतोस. दादा, मी बाजारात बसणारी बाई हाय. गिऱ्हाईक मिरचीला नावं ठेवतं अन् पिशवी मात्र आधीच उघडून धरतं, ते मला कळतं.

माझा हात हलला असंही लिहिलंस. तीस वर्षं ह्या हातानं तागडी धरली, तो हात हलत न्हाई.

तुझ्या जुन्या पत्रात धर्मापुरीच्या अमरसिंहांचा नंबर होता, त्यांच्याकडं लई नाणी हायेत म्हणून तूच लिहिलतंस. त्यांना फोन लावला. ते रविवारी गाडी घेऊन घरी आले. पायातलं बाहेर काढून, ओट्यावर बसून मायशी बोलले, चहा घेतला. भिंग लावून नाणं बघितलं. म्हणले, "ताई, हे टाकसाळीचं चुकलेलं दिसतंय. सात हजार देतो." मी म्हणलं, दादाला विचारते. त्यावर म्हणले, विचाराच. कडेचा निवाडा अख्ख्या जिल्ह्यात उमापूरच्या जालिंदररावांनीच करावा. ते खरं म्हणले की मी डोळे झाकून घेतो.

म्हणून विचारते. आता सांग. पाच रुपये का सात हजार?

पंचशीला


उमापूर,
१८ फेब्रुवारी

पंचशीला,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पोस्टमन दारातच उभा होता, त्याला पाणी विचारायचंही राहून गेलं.

होय, मी खोटं लिहिलं. ते नाणं चुकलेलं आहे असं मला वाटतं, जवळजवळ खात्री आहे. तुला खरं सांगितलं असतं तर तू दिलं नसतंस, म्हणून तसं लिहिलं. लाज वाटायला हवी, वाटतही आहे, पण त्याहून जास्त दुसरंच काही तरी वाटतंय, आणि तेही आता लिहून टाकतो.

मी जळतोय. तुझ्यावर जळतोय. पोस्टाच्या काउंटरवर छत्तीस वर्षं बसलो. किती नाणी ह्या बोटांखालून गेली असतील. प्रत्येकाची कड मी अंगठ्यानं चाचपली. मागं लोक रांगेत कुरकुरायचे, साहेब दोनदा ओरडले. एकही चुकलेलं सापडलं नाही. अमरसिंहांकडं मखमलीच्या पेटीत तशी अकरा आहेत, पण ती त्यांनी विकत घेतलेली. माझं म्हणणं असं होतं की आपलं आपल्याला सापडायला हवं. आणि ते सापडलं कुणाला, तर तुला. तुला, जिला खोबण म्हणजे काय हेही मी सांगितलं. आणि ते दिलं कुणी, तर आबांनी.

आबा माझी टिंगल करायचे. "पैशे खर्चायला असत्यात बे, बघायला न्हाई," असं चार माणसांत म्हणायचे. मला वाटायचं, त्यांना माझ्या ह्या नादातलं काही कळत नाही. आता वाटतं, कळत होतं. चांगलं कळत होतं. गल्ल्यात आलेलं चुकलेलं नाणं त्यांनी ओळखलं, बाजूला काढलं, जपलं, आणि जो मुलगा त्यासाठी जन्मभर तरसला त्याला सोडून तुला दिलं. जे माझं होतं ते तुला दिलं. हे मला सहन होत नाही, पंचशीला. साठी उलटली तरी होत नाही.

आणि त्या अमरसिंहाला माझ्या मायच्या ओट्यावर बसवून चहा पाजलास. त्याला दे, नाही तर विहिरीत टाक. मला पुन्हा विचारू नकोस.

जालिंदर


नांदूरघाट,
२० मार्च

ति. दादास,
जय भीम.

महिना झाला. पुन्हा विचारू नको म्हणलास म्हणून लिहिलं न्हाई. अमरसिंहांचा एकदा फोन आलता, त्यांना थांबा म्हणलं.

नाणं पाठवते. नियमात बसत न्हाई ते मला माहीत हाय, पण रजिस्टर केलंय अन् पोस्टातल्या पोराला काही सांगितलं न्हाई. ज्या चिंधीच्या पिशवीत आबांनी ठेवलतं त्या पिशवीसकट पाठवते. पिशवी टाकून देऊ नको.

तू नीट बघ. वजन कर, काय करायचं ते कर. अन् जे असंल ते खरं लिही. मला चांगलं वाटावं म्हणून लिहू नको, वाईट वाटावं म्हणूनही लिहू नको.

पंचशीला


उमापूर,
२९ मार्च

चि. पंचशीला,
जय भीम.

रजिस्टर पोचलं. सही करताना माझ्याच जुन्या खात्याला फसवल्यासारखं वाटलं.

निवाडा असा. ह्या नाण्याचं वजन नऊ ग्रॅम असायला हवं. सोनाराकडच्या काट्यावर साडेआठ भरलं. रुंदी तेवीस मिलिमीटर हवी, ती अर्ध्या मिलिमीटरहून जास्त कमी आहे. टाकसाळीतून खोबण न पडता सुटलेलं नाणं वजनाला आणि रुंदीला पुरं असतं, कारण त्यातून काही गेलेलंच नसतं. ह्यातून गेलं आहे. भिंग मोठं घेतलं तर कडेवर आडवे बारीक चरे दिसतात आणि मधे मधे चपटे भाग. हे नाणं कुणी तरी हातानं दगडावर घासलेलं आहे. त्याला जमवणाऱ्याच्या लेखी काडीची किंमत नाही. घासलेलं म्हणजे नासवलेलं. बाजारात मात्र पाच रुपयाला चालेल, तेही दुकानदारानं कडेवर अंगठा फिरवला नाही तर.

आता दुसरं, तेही खरंच लिहितो. हे मला जानेवारीतच कळायला हवं होतं. तुझा पट्टा दोन मिलिमीटर कमी भरला होता, तो ह्याचमुळं. पट्टा तुटला होता तो ह्या चपट्या जागांमुळं. तुझा हात हलला नव्हता. नवशिक्यानंही हे ओळखलं असतं. पण तुझ्या हातात चुकलेलं नाणं आहे, ही जळजळ मला आधीच लागली होती, आणि ती खरी ठरावी म्हणून मी मोजमाप बाजूला सारलं. जिल्ह्यात म्हणे निवाडा मी करतो.

वजनकाट्यावर साडेआठ बघितलं तेव्हा मला आधी बरं वाटलं. तुझ्याकडंही काही नाही, असं वाटलं. घरी पोचेपर्यंत ते बरं वाटणं टिकलं नाही. अमरसिंहांना मी स्वतः फोन करून सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या शब्दावर सोडलं. मला आता त्यांचा पहिल्याइतका राग राहिला नाही.

पण मग हे घासलं कुणी? आणि घासलेलं नाणं आबांनी चिंधीच्या पिशवीत जपून कशाला ठेवलं? पिशवीला वर दोऱ्याचा एक फास पण आहे. तुला काही माहीत असेल तर कळव.

जालिंदर


नांदूरघाट,
५ एप्रिल

ति. दादास,
जय भीम.

मला माहीत हाय. पहिल्यापासून माहीत हाय. हे पत्र मायला वाचून दाखवणार न्हाई.

ते आबांनीच घासलं. ते पासंग हाय.

तुला आठवतं का बघ. आपल्या तागडीचं डावं पारडं जरा हलकं. बनवणाऱ्याकडूनच तसं आलतं. म्हणून आबा डाव्या पारड्याच्या साखळीला खालून थोडं वजन बांधायचे, दांडी सरळ राहावी म्हणून. आधी खडा बांधायचे, तो पावसाळ्यात ओला होऊन जड व्हायचा. मग हे पाच रुपये बांधून बघितले. ते किंचित जास्त भरले. कुणी दुसरा असता तर राहू दिलं असतं, एवढ्याशानं काय होतंय. आबांनी ते जात्याच्या तळीवर घासलं. थोडं घासायचे, चिंधीत गुंडाळून टांगायचे, काटा बघायचे, पुन्हा घासायचे. दोन बाजार मोडले त्यात. मी म्हणलं, आबा, पाच रुपये वाया चालले. ते म्हणले, "गिऱ्हाईकाच्या अंगाला नको, अन् आपल्याबी अंगाला नको." मग एकदा काटा मधोमध उभा राहिला अन् मला म्हणले, आता ह्याच चिंधीची पिशवी शिव. ती पिशवी माझ्या हातची हाय.

आबांची नजर गेली, मी इलेक्ट्रिकचा काटा घेतला, अन् तागडी त्यांनी तुला दिली. म्हणले, जालिंदर जुन्या वस्तू जपतो, त्याच्यापाशी राहील. तू साखळ्या सोडून, पोत्यात बांधून बसमधी टाकलीस. साखळ्या सोडताना ही पिशवी ओट्याखाली पडली. बस गेल्यावर आबांच्या पायाला लागली. त्यांनी चाचपून ओळखली. माझ्या हातात दिली अन् म्हणले, "जालिंदर आला की दे. ह्याच्याबिगर तागडी खोटं बोलती."

तू चौदा महिने आला न्हाईस. आलास ते आबांच्या मातीला. तवा दिली न्हाई. नंतर दर सालच्या कार्यक्रमाला आलास, तवाबी दिली न्हाई. आबांनी मला दिलं असं मी तुला सांगितलं, ते अर्धं खरं हाय.

कावून दिली न्हाई ते पण ऐक. तू एकटाच जळत न्हाईस. तागडी मला पाहिजे होती. ऊन असो, पाऊस असो, एका बाजूला आबा अन् एका बाजूला मी. त्यांचा खांदा दुखला की दांडी मी धरायची. गाव मला तागडीवाल्याची पोरगी म्हणतं. अन् ती तू पोत्यात घालून घेऊन गेलास, अन् जाताना म्हणलास, भिंतीला लावीन, शोभंल. त्या दिवशी मी जेवले न्हाई. मनात म्हणलं, ने. नासकीच ने. तुला कधी सरळ तोलता यायचं न्हाई.

अन् ह्या साली तू नाणं मागितलंस. दादा, जन्मात पहिल्यांदा तू माझ्यापाशी काही मागत होतास. पत्रावर पत्र येत होतं. मला लई बरं वाटलं. चुकलेलं नाणं हाय असं तुला वाटतंय, वाटू दे म्हणलं. अमरसिंहांना बोलावलं तेही तू जळावास म्हणून. विकणार नव्हते. पण तू लिहिलंस, जे माझं होतं ते तुला दिलं. ते वाचलं अन् नंतर मला नाणं बटव्यात ठेवता येईना. कारण तेवढं एकच तू खरं लिहिलतंस.

आता तुझ्यापाशी दोन्ही हायेत. सुखानं ठेव.

पंचशीला


उमापूर,
१५ एप्रिल

चि. पंचशीला,
जय भीम.

काल जयंतीची मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली, म्हणून एक दिवस उशीर. तोवर तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो.

आज सकाळी माळ्यावरून तागडी काढली. साखळ्यांचा गुंता झाला होता, तुझी वहिनी आणि मी दोघांनी बसून सोडवला. दाराच्या कडीला टांगली. नेहमीसारखं डावं पारडं वर गेलं. मग नाणं घातलेली तुझ्या हातची पिशवी फासानं डाव्या साखळीला बांधली. दांडी दोनदा हलली आणि थांबली. काटा मधोमध. मी वाकून बघितलं, चष्मा लावून बघितलं, भिंग लावून बघितलं. मला त्यात काही चूक काढता आली नाही, आणि मी काढायचा प्रयत्न केला हे तू ओळखशीलच.

पारड्यात काही ठेवलं नाही. दुपारपर्यंत नुसता समोर खुर्ची टाकून बसलो. चार वर्षं मी हिला नासकी म्हणत होतो. आबांनी मला नासकी वस्तू दिली म्हणून मनात त्यांच्याशी भांडत होतो, ते गेल्यावरही. आणि ते तिकडं निरोप ठेवून गेले होते.

तुझ्यावर रागावलो का, तर हो, रागावलो. पूर्ण सकाळ रागावलो. मग आठवलं की ते चौदा महिने मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. उमापूर ते नांदूरघाट काही परदेश नाही. मी आलो असतो तर आबांनी स्वतःच्या हातानं ती बांधून दाखवली असती. ते मी घालवलं. तू घालवलं नाहीस.

जळणं गेलं असं लिहिलं तर ते पुन्हा खोटं होईल. गेलेलं नाही. फक्त जागा बदलली आहे. नाण्याचं काही वाटत नाही आता. आबा दगडावर घासत होते, काटा बघत होते, आणि शेजारी बसून ते तू बघत होतीस, ह्याचं वाटतं. दोन बाजार. माझ्या चाळीस वर्षांच्या वह्यांत असं एक पान नाही.

तागडी घेऊन बाजारच्या दिवशी येतो. ती तुझ्या पालात टांगायची. तोल तू तुझ्या इलेक्ट्रिकवरच कर, माझं काही म्हणणं नाही. पण टांगायची तिथं, गावासमोर. आणि मला तुझ्या शेजारी एक पोतं टाक बसायला. किती वेळ बसता येईल सांगता येत नाही, गुडघे दुखतात.

जालिंदर


नांदूरघाट,
२२ एप्रिल

ति. दादास,
जय भीम.

पत्र मिळालं. मायला सगळं वाचून दाखवलं, माझंही अन् तुझंही. सगळं ऐकून घेतलं अन् म्हणली, मला माहीत होतं, पिशवी सापडली तवा मीच तर ओट्यावर होते.

पोतं टाकते. आबांच्या जागेवर टाकत न्हाई, तिथं मी बसते. तुला डाव्या अंगाला.

सकाळच्या पहिल्या बसनं ये, नंतर गर्दी होती. तागडी मांडीवर घेऊन बस, वर टाकू नको. अन् ह्या खेपेला साखळ्या सोडू नको.

पंचशीला